पूररेषेतल्या गावांना खुले पत्र: परसबागेचे बियाणे मृगाआधी बरणीत, आणि एक बरणी दुसऱ्या गावात

प्रति,
सरपंच, सदस्य, ग्रामसेवक आणि महिला बचत गट
कृष्णा, पंचगंगा, वाशिष्ठी आणि सावित्री काठची सर्व गावे

सप्रेम नमस्कार.

पूर ओसरल्यावर गावात मदतीचा जो टेम्पो येतो त्यात तांदूळ, डाळ, तेल, चादरी, मेणबत्त्या असतात. भाजीचे बी सहसा नसते. देणाऱ्याला ते सुचत नाही. घेणारीला मागायला संकोच वाटतो, घरात गुडघाभर गाळ असताना मेथीचे बी कुठे मागायचे म्हणून. पण 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात आणि 2021 च्या जुलैत चिपळूण-महाडला पाणी शिरले तेव्हा बाजारपेठाही पाण्याखाली होत्या. बाजारपेठ बुडते तेव्हा कृषी सेवा केंद्र कोरडे राहत नाही. मग बी आणायचे कुठून?

जमिनीला वाफसा आला की पेरलेली मेथी आणि माठ 25 ते 30 दिवसांत कढईत पडतात. मुळ्याला 40 ते 45 दिवस लागतात, चवळीच्या कोवळ्या शेंगांना आणि भेंडीला 45 ते 50. ऑगस्टअखेर हातात जिवंत बी असेल तर दसरा-दिवाळीला घरची भाजी. (पुराच्या गाळात सांडपाणीही मिसळलेले असते. त्या जागेतल्या पहिल्या पिकाची कोथिंबीर आणि मुळा कच्चा खाऊ नका, शिजवूनच खा.)

आमची मागणी एकच आहे. प्रत्येक गावाने परसबागेच्या बियाण्याचा आपला साठा ठेवावा. तो खरोखर कोरडा असावा, दरवर्षी तपासलेला असावा, आणि त्याचा निम्मा भाग पाणी न चढणाऱ्या दुसऱ्या गावात असावा. पंचायतीच्या कपाटात ठेवलेली पाकिटे म्हणजे साठा नव्हे. त्यातले बी दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत बहुधा मेलेले असते, आणि ते मेले हे पेरेपर्यंत कोणाला कळत नाही.

किती बी लागते? एका घराच्या एक गुंठा परसबागेसाठी मेथी 250 ग्रॅम, धने 200, पालक 100, चवळी 100, मुळा 50, गवार 50, भेंडी 40, माठ 20 ग्रॅम. दुधी, दोडका, तांबडा भोपळा आणि कारले प्रत्येकी 10 ग्रॅम, काकडी 5, मिरची 2, टोमॅटो आणि वांगे एकेक ग्रॅम. एक ग्रॅम ऐकून हसू नका, टोमॅटोच्या एका ग्रॅममध्ये तीनशेच्या आसपास बिया असतात. सगळे मिळून 900 ग्रॅमच्या आत बसते. शंभर घरांचे झाले जेमतेम 86 किलो. एवढे धान्य तर एकेका घरात असते.

आता बी कोणते धरायचे. पाकिटावर ‘संकरित’ किंवा ‘एफ-1’ लिहिलेले असेल तर त्याच्या फळातले बी साठ्यासाठी घेऊ नका. ते उगवते, पण पुढची पिढी फुटते. एक झाड उंच, एक ठेंगणे, एकाचे फळ लांब, दुसऱ्याचे गोल. गावठी वाण घ्या, नाहीतर विद्यापीठांचे आणि संशोधन संस्थांचे सुधारित सरळ वाण घ्या: भेंडीत परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका, गवारीत पुसा नवबहार, दुधीत सम्राट, कारल्यात कोकण तारा, वांग्यात मांजरी गोटा, टोमॅटोत पुसा रुबी. हे वाण एकदा आणले की नीट राखून वर्षानुवर्षे घरी चालतात.

बी धरण्यात सगळ्यात जास्त होणारी चूक साधी आहे. पहिली, देखणी भेंडी आपण खातो. शेवटी झाडावर चुकून राहिलेली, वाकडी, उशिरा लागलेली भेंडी ‘बियाण्याला’ म्हणून ठेवतो. पाच वर्षे असे केले की गावाची भेंडी उशिरा येणारी आणि वाकडी होते, आणि मग आपणच म्हणतो की देशी वाणात दम नाही. हंगामाच्या सुरुवातीलाच सगळ्यात निरोगी आठ-दहा झाडांना लाल चिंधी बांधा, आणि त्या झाडांच्या शेंगांना घरच्यांचा हात लागू देऊ नका. चवळीच्या पानांवर हिरव्या-पिवळ्या चट्ट्यांचा मोझॅक दिसला तर ते झाड बियाण्यातून बाद, कारण तो रोग बियातून पुढच्या वर्षी शेतात येतो. भेंडीचा हळद्या, म्हणजे पाने पिवळी पाडणारा रोग, बियातून येत नाही, पांढरी माशी आणते. तरीही चिंधी बांधायची ती शेवटपर्यंत हिरव्या राहिलेल्या झाडालाच.

टोमॅटो, घेवडा, चवळी, मेथी ही पिके बहुतांशी आपल्याच परागावर बी धरतात. शेजारी दुसरा वाण असला तरी फारसे बिघडत नाही. मिरची, वांगे, भेंडी मधली. तिखट मिरचीशेजारी ढोबळी लावली तर पुढच्या वर्षीची ढोबळी जीभ पोळवू शकते. बियाण्याच्या चार झाडांवर फुलोऱ्याआधी जुनी मच्छरदाणी टाका, काम भागते. वेलवर्गीयांचे मात्र सगळे मधमाश्या आणि पतंगांच्या हातात. दोन वाणांत पाचशे ते हजार मीटर अंतर हवे, आणि ते एका परसात शक्य नाही. म्हणून आमचे सांगणे असे की प्रत्येक वाडीने एका वेलाचा एकच वाण लावावा. वरच्या वाडीचा दुधी लांब, खालच्या वाडीचा गोल, हे ग्रामसभेत ठरू शकते. दुधी आणि भोपळा, किंवा काकडी आणि खरबूज यांचा संकर होत नाही, ती भीती नको. काकडी आणि तवसे मात्र एकाच जातीची आहेत, ती मिसळतात. दोडका आणि घोसाळ्याचाही संकर होऊ शकतो.

वाडीचे एकमत झाले नाही तर परागीकरण हाताने करा. दुधीचे फूल संध्याकाळी उमलते, त्यामुळे काम दुपारी तीन-साडेतीनला सुरू होते. मांडवाखाली उभे राहून आज उमलणाऱ्या कळ्या शोधा. त्या फुगलेल्या असतात आणि टोकाशी पांढरी पाकळी डोकावू लागलेली असते. लांब, बारीक देठावरची कळी नर. जिच्या खाली बोटाएवढा लवदार दुधी आधीच दिसतो ती मादी. दोन्हींची तोंडे दोऱ्याने किंवा कपडे वाळत घालायच्या चिमट्याने अलगद बंद करा. अंधार पडू लागला की नर फूल तोडा, त्याच्या पाकळ्या काढून टाका, आणि मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या आतल्या तीन फुगीर भागांवर हलक्या हाताने फिरवा. पिवळी पूड लागलेली डोळ्यांना दिसली पाहिजे. मादी फूल पुन्हा बांधा आणि देठाला रंगीत दोरा लावा. दोरा लावायचा राहिला की पंधरा दिवसांनी मांडवावरचे सगळे दुधी सारखे दिसतात आणि केलेली मेहनत आमटीत जाते. तांबडा भोपळा, काकडी, कारले, घोसाळे यांची फुले सकाळी उमलतात. त्यांच्या कळ्या आदल्या संध्याकाळी बांधायच्या. दोडका आणि पडवळ दुधीसारखेच संध्याकाळचे. नर आणि मादी फूल शक्यतो वेगवेगळ्या वेलांचे घ्या, आणि एका वाणाचे निदान पाच-सहा वेल ठेवा. एकाच वेलावर वाण चालवला की काही पिढ्यांनी तो खुरटतो.

बियाण्याचा दुधी साल लाकडासारखी होऊन तपकिरी पडेपर्यंत वेलावरच राहू द्या. हलवला की आत बी खुळखुळते. तांबडा भोपळा काढल्यावर तीन-चार आठवडे तसाच ठेवून मग फोडावा, आतले बी तोवर पक्के होत राहते. आणि एक धोक्याची गोष्ट: त्याच वेलाच्या कोवळ्या दुधीचा एक बारीक तुकडा जिभेला लावून पाहा. कडू लागला तर लगेच थुंका, वेल उपटा, बी घेऊ नका. कडू दुधी ही चवीची बाब नाही, ते विष आहे, आणि कडूपणा पुढच्या पिढीत उतरतो.

टोमॅटोचे बी चिकट गरात असते आणि तो गर उगवण रोखतो. पिकलेली फळे कुस्करून स्टीलच्या भांड्यात पाणी न घालता ठेवा आणि दिवसातून दोनदा ढवळा. वर पांढरी साय धरते, आंबूस वास येतो. पुस्तकांत यासाठी तीन दिवस दिलेले असतात, पण ते थंड हवेचे गणित आहे. आपल्याकडे मार्चमध्ये 24 ते 36 तास पुरतात. त्याहून जास्त ठेवले तर बी भांड्यातच मोड काढते. मग भरपूर पाणी घाला, तरंगणारे ओतून द्या, तळाचे बी धुऊन काचेवर किंवा स्टीलच्या ताटात पसरा. वर्तमानपत्रावर पसरलेले बी कागदाला चिकटते आणि कागदासकट साठवावे लागते.

वाळवणाकडे येतो, कारण साठा जगतो की मरतो ते इथे ठरते. बियाणेशास्त्रातला एक ढोबळ नियम आहे. बियातला ओलावा एक टक्क्याने कमी केला की आयुष्य दुप्पट होते, आणि साठवणीचे तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरवले की पुन्हा दुप्पट. 12 टक्के ओलाव्याचे बी 8 टक्क्यांवर आणले तर चार वेळा दुप्पट, म्हणजे 16 पट. हे करायला वीज लागत नाही. भाजीच्या बहुतेक बियाण्यांसाठी 6 ते 8 टक्के हे लक्ष्य ठेवा.

उन्हात वाळवले की झाले, असे नाही. मे महिन्यात दुपारी स्लॅब आणि पत्रा इतका तापतो की बी वाळत नाही, भाजते. ओलसर बी 40 अंशांच्या वर गेले की आतला कोंब मरू लागतो. वरून ते ठणठणीत दिसते, म्हणून फसायला होते. बी आधी दोन-तीन दिवस सावलीत वाऱ्यावर ठेवा. मग चार-पाच दिवस सकाळी दहापर्यंतचे कोवळे ऊन, सुपात किंवा कापडावर, पातळ थर, मधूनमधून हात फिरवून. संध्याकाळी आत घ्या, नाहीतर दिवसभर गेलेला ओलावा रात्री परत येतो. भोपळ्याचे बी वाकवल्यावर वाकले तर ओले, कट्कन मोडले तर वाळले. चवळी हातोडीखाली चपटी झाली तर ओली, फुटून ठिकऱ्या उडाल्या तर वाळली. बरणीत कोरडे मीठ टाकून ते चिकटते का पाहायची पद्धत धान्याला ठीक आहे. मीठ चिकटते तेव्हा ओलावा 15 टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे मीठ मोकळे राहिले तरी बियाण्यासाठी ते अजून ओलेच असू शकते.

उन्हाने जे निघत नाही ते सिलिका जेल काढते. बियाण्याच्या वजनाएवढे जेल सुती पुरचुंडीत बांधून बियाण्यासोबत हवाबंद बरणीत आठ दिवस ठेवा, मग पुरचुंडी काढा. नारिंगी रंगाचे जेल घ्या. निळ्यात कोबाल्टचे क्षार असतात, घरात नको. रंग बदलला की कढईत मंद आचेवर परतून मूळ रंग आणा आणि पुन्हा वापरा. जेल मिळाले नाही तर साधे तांदूळ मंद आचेवर खडखडीत भाजा, झाकणाच्या डब्यात गार करा आणि बियाण्याच्या दुपटीहून जास्त घ्या. आमचा आग्रह मात्र एका लहानशा डिजिटल आर्द्रतामापकासाठी आहे. तो बरणीत बियाण्यावर ठेवून झाकण लावा आणि दुसऱ्या दिवशी आकडा वाचा. 25 ते 35 असेल तर सील करा. 50 च्या वर असेल तर परत वाळवा. सगळ्या गावात असे दोन मापक पुरतात.

हे सगळे 7 जूनच्या, म्हणजे मृगाच्या आत संपले पाहिजे. पाऊस लागला की कोकणात हवेतली आर्द्रता 80-90 टक्क्यांवर जाते आणि उघडे बी आठवड्या-दोन आठवड्यांत ती पिऊन घेते. आजीच्या पद्धतीत याची सोय होती. मक्याची कणसे, दुधीची कवटी, राखेतले वाल चुलीवरच्या माळ्याला असत, आणि पावसाळाभर तिथे धूर आणि ऊब असे. गॅस आला आणि माळ्याखालची चूल गेली. कणसे मात्र काही घरांत अजून तिथेच टांगतात आणि श्रावणात त्यांना बुरशी येते. पद्धत तीच आहे, तिचा जीव असलेली चूल राहिली नाही. मडक्याचेही तसेच. माती श्वास घेते, म्हणून आतून लाखेचे किंवा रंगाचे अस्तर नसलेले मडके पावसाळ्यात बियाण्याला नको. पातळ प्लास्टिक पिशवीतूनही बाष्प हळूहळू जाते. रबरी वायसरच्या झाकणाची काचेची बरणी किंवा ॲल्युमिनियमचे अस्तर असलेली पिशवी उत्तम. बाहेरून पकड असलेला निळा ड्रम, त्यात बरण्या. बरणी गळ्यापर्यंत भरा, कारण मोकळ्या जागेत हवा असते आणि हवेत किडा जगतो.

किड्याचे म्हणाल तर चवळी-वालाचा भुंगेरा शेतातच शेंगेवर अंडी घालतो. आपण बी भरतो तेव्हा अळी आत असते. कोरडे, सीलबंद बी घरच्या फ्रीझरमध्ये चार-पाच दिवस ठेवले की ती मरते. बाहेर काढल्यावर बरणी पूर्ण एक दिवस उघडायची नाही, नाहीतर थंड बियाण्यावर दव बसते आणि केलेले वाळवण वाया जाते. फ्रीझर नसेल तर चाळलेली, गार, कोरडी राख बियाण्याच्या निम्म्या मापाने मिसळा, किंवा किलोला 5 मिली एरंडेल चोळा. कडुलिंबाचा पाला घालायचा तर कुरकुरीत वाळलेला. ओलसर पाला किड्याला हाकलतो आणि बुरशीला बोलावतो. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या गावातल्या घरात कधीही नको. त्या वायूने झोपलेली माणसे मरतात. आणि गुलाबी-लाल औषध लावलेले बी टंचाईतही कोणी शिजवू नये, म्हणून तसे बी या साठ्यात घेऊच नका.

दरवर्षी एप्रिलमध्ये उगवण तपासा. शंभर बिया ओल्या, पिळलेल्या सुती कापडावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, सैल गुंडाळी करा, पिशवीत घालून सावलीत ठेवा. चवळी पाचव्या दिवशी मोजा, टोमॅटो आठव्या ते दहाव्या, मिरची आणि कारले चौदाव्या दिवशी. टोमॅटो आणि वांगे 70, भेंडी 65, मिरची आणि वेलवर्गीय 60 टक्के, ही प्रमाणित बियाण्याची किमान पातळी तुमच्याही साठ्याला लावा. त्याखाली गेलेले बी दाट पेरून भागत नाही. शंभरातले पन्नास मेले असतील तर उरलेले पन्नासही म्हातारे झालेले असतात, आणि त्यांची रोपे पुरानंतरच्या घट्ट गाळातून डोके वर काढत नाहीत.

सगळी बियाणी सारखी टिकत नाहीत. कांद्याचे बी दरवर्षी नवे हवे. धने, भेंडी, मिरची दोन-तीन वर्षे. वांगे, टोमॅटो, मुळा चार. काकडी, भोपळा पाच किंवा जास्त. शेवग्याचे बी लवकर मरते, फांदी लावा. कढीपत्ता, फणस, आंबा, जांभूळ, कोकम यांचे बी वाळवले की मेलेच, ते बरणीत ठेवायचे नसते. अळू, सुरण, हळद, रताळ्याचे वेल हे बेणे. ते उंचावरच्या दोन-तीन परसांत जिवंत वाढवत ठेवणे हाच त्यांचा साठा.

म्हणून दर मेमध्ये निम्मा साठा नवा भरा आणि जुना मृगावर घरोघरी पेरायला वाटून टाका. पूर आला नाही तरी बी वाया जात नाही, आणि लोकांना वाण हाताळायची सवय राहते. याशिवाय प्रत्येक वाणाच्या दोनशे बिया ‘मूळ बी’ म्हणून वेगळ्या, सात टक्क्यांखाली वाळवून, कोणाच्या तरी फ्रिजमध्ये. आरोग्य केंद्रातला लसींचा फ्रिज यासाठी मागू नका, तो लसींसाठीच आहे.

आणि दुसरे गाव. नॉर्वेतल्या स्वालबार्डच्या बर्फाळ बेटावर 2008 पासून जगभरच्या बियाण्यांच्या दुसऱ्या प्रती उणे 18 अंशांत ठेवतात. त्यातली पहिली मागणी आली 2015 मध्ये. सीरियातल्या अलेप्पोजवळची बियाणे बँक युद्धामुळे हाताबाहेर गेली होती. तिथल्या शास्त्रज्ञांनी आपलेच ठेवलेले बी परत मागितले, लेबनॉन आणि मोरोक्कोत पेरून वाढवले आणि नवे बी पुन्हा स्वालबार्डला पाठवले. तुमच्यासाठी हेच काम घाटमाथ्यावरचे किंवा दुष्काळी पट्ट्यातले एखादे गाव करू शकते. तुमचे बी त्यांच्या शाळेच्या माडीवर, त्यांचे तुमच्याकडे. तुम्हाला पूर, त्यांना कोरडे वर्ष, दोन्ही एकाच वेळी सहसा येत नाही. कायद्याची अडचण नाही. 2001 च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा, विकण्याचाही हक्क दिलेला आहे. संरक्षित वाणाचे बी ब्रँडच्या नावाने विकता येत नाही, एवढीच अट.

प्रत्येक बरणीच्या आत कागदाची चिठ्ठी, पेन्सिलने लिहिलेली: वाण, कोणाच्या परसातले, काढल्याचा महिना, सील करतानाचा मापकाचा आकडा, शेवटची उगवण. पेन्सिलनेच, कारण पुराच्या पाण्यात पेनाची शाई उतरते, आणि बाहेर चिकटवलेले लेबल पहिल्याच दिवशी सुटते. त्याच नोंदींची वही दोन प्रतींत, एक दुसऱ्या गावात. साठ्याची किल्ली बचत गटातल्या दोघींकडे, आणि त्यातली एक पूररेषेबाहेर राहणारी.

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. त्या वेळी मांडवावर बियाण्यासाठी राखता येतील असे दुधी-भोपळे अजून असतात, आणि बियाण्याची मेथी, मुळा, पालक, धने पेरायला ऑक्टोबर-नोव्हेंबर मिळतो. जानेवारीत विषय घेतलात तर पहिल्या वर्षी वेलवर्गीयांचे बी बाहेरून आणावे लागेल. तेही चालेल, फक्त आणलेले बी बरणीत भरण्याआधी त्याची उगवण मोजा.

आपले,
बियाणे राखणारे आणि तपासणारे काही जण